खातं कुठल्या नावानं

बँकेचं नाव काढलं की माझे गुडघे आधी दुखतात, डोकं नंतर. साठीला टेकलेल्या बाईनं बँक निवडायला निघूच नये. ही कामं तरुणपणी उरकलेली असावीत, नाहीतर बापानं किंवा नवऱ्यानं परस्पर उरकून ठेवलेली असावीत. आमच्याकडे तसंच होतं. लग्न झाल्यापासून घरातला पैसा नवऱ्याच्या खात्यात यायचा आणि तिथूनच जायचा. ती बँक बरी की वाईट हे मला कधी ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

पण मी भाजणी करायला लागले. आधी घरापुरती, मग शेजारणीसाठी, मग शेजारणीच्या पुण्यातल्या मुलीसाठी. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांतली निम्मी मुलं बाहेर पडली आहेत आणि त्यांना तिकडे गेल्यावर मेतकुटाची आठवण येते. इथे असताना नाक मुरडायची. हरिशंकरपुरमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली हळूहळू दुकानच झाली. दाल बाजारातून डाळी आणायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, दळून आणायच्या. दाराच्या चौकटीवर पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवला होता, तो अर्थातच नवऱ्याचा.

मग एक दिवस नवऱ्याच्या बँकेतून फोन आला. बचत खात्यात हा जो रोजचा धंद्याचा पैसा येतो आहे तो चालणार नाही, चालू खातं काढा, नाहीतर आम्हाला हे थांबवावं लागेल. त्याच आठवड्यात नोएडातल्या एका मराठी दुकानदाराचा निरोप आला की दिवाळीपासून दर महिन्याला माल घेईन, पण पैसे फर्मच्या खात्यातच पाठवीन. इतकी मोठी मागणी मला पूर्वी कधी आली नव्हती.

"माझ्याच नावानं उघड ना चालू खातं, कटकट संपेल," नवरा म्हणाला. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत आणि कटकट संपवणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय आहे.

"नाही," मी म्हणाले. "धंदा माझा आहे. खातं माझ्या नावानं."

"मग कुठल्या बँकेत?"

"ते बघू."

हे 'बघू' मला फार महागात पडलं.

पहिल्यांदा मी आपल्या बँकेत गेले. आपली म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मंडळींनी कधीकाळी काढलेली छोटी सहकारी बँक. इथल्या मराठी लोकांचं असं आहे की डॉक्टर आपला, भटजी आपले, बँक आपली. मग औषध लागू पडो न पडो. मॅनेजर नवऱ्याचे लांबचे भाऊ लागतात. त्यांनी चहा मागवला, सासूबाईंच्या पायांची सूज विचारली आणि माझं आधार कार्ड हातात घेऊन हसले.

"वहिनी, घाईत काकूंचं घेऊन आलात."

"नाही, माझंच आहे."

त्यांनी फोटो पाहिला, नाव पाहिलं, परत फोटो पाहिला. सासूबाईंचं पेन्शनचं खातं त्यांच्याच बँकेत आहे, त्यामुळे ते नाव त्यांना पाठ होतं. मला सगळं सांगावं लागलं.

आमचं लग्न ठरताना एकच अडचण निघाली होती. पत्रिका जुळली, उंची चालली, देणंघेणं काही नव्हतं. पण माझं नाव आणि होणाऱ्या सासूबाईंचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन बायका नकोत, असा त्यांचा निरोप आला. आमच्यात लग्नात नाव बदलायची रीत होतीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीच्या कडेनं त्यावर नवं नाव लिहिलं, पेढे वाटले आणि मी दुसरीच कुणी झाले. माझी आई ताटात वाकून बघत "छान आहे" म्हणाली. ते तांदूळ नंतर कुठे गेले मला माहीत नाही. भातच झाला असेल.

तर मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर माझं माहेरचं नाव. आधार काढताना तेच सर्टिफिकेट नेलं होतं, म्हणून आधारवर ते नाव आणि पुढे सासरचं आडनाव. म्हणजे हुबेहूब सासूबाईच. पॅन कार्ड मात्र नवऱ्यानं एजंटाकडून करवलं आणि त्याला घरात हाक मारायचं नाव सांगितलं. इतकी वर्षं या दोघी एकाच पाकिटात, एकमेकींच्या वाटेला न जाता, सुखानं नांदत होत्या. खातं काढायची वेळ आली तेव्हाच त्यांची गाठ पडली.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल," मॅनेजर म्हणाले. "आम्ही तर ओळखतोच ना तुम्हाला. असं करा, दादांना घेऊन या. जॉइंट करून टाकू. दादांची साइन असली की काही प्रश्नच येत नाही."

"धंदा माझा आहे हो."

"तुमचाच आहे. फक्त दादा सोबत असले की व्यवस्थित राहतं."

"आणि क्यूआर कोड?"

"ते येऊन राहिलंय. वरून आलं की सगळ्यात पहिले तुम्हाला."

मी चहा संपवला आणि उठले. ते मला ओळखत होते यात शंका नाही, पण कुणाची सून, कुणाची बायको एवढंच. मला राग यायला हवा होता, पण उन्हातून आले होते, परत उन्हातच जायचं होतं, आणि रागाला जी ताकद लागते ती मी टेम्पोत चढायला राखून ठेवली.

मग खाजगी बँक. तिथे आपल्याला जावं लागत नाही, तेच येतात. एक टाय लावलेला तरतरीत गृहस्थ टॅबलेट घेऊन घरी आला, दिवाणावर बसला, चकल्या खाल्ल्या आणि मला 'मॅम' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भाजणीच्या पिठानं भरलेल्या हातांना मॅम म्हणत होतं, त्यामुळे मी जरा विरघळले. "सब डिजिटल है मॅम, आप बस अंगूठा लगाइए." मी अंगठा लावला. यंत्रानं नावं जुळत नाहीत म्हणून सांगितलं. "कोई बात नहीं, पीछे से हो जाएगा." पाठीमागे काय असतं कोण जाणे. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी त्याला त्याचं गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "हा टिकायचा नाही."

त्याचे फोन मात्र येत राहिले. खात्याबद्दल नव्हे, विम्याबद्दल. खात्याचं काय झालं विचारलं की प्रोसेसमध्ये आहे म्हणायचा. नवऱ्याला तर त्यानं विमा जवळजवळ विकलाच होता, चष्मा सापडला नाही म्हणून सही राहिली. मग फोन बंद झाले. मी सिटी सेंटरच्या त्या चकचकीत शाखेत गेले तर कळलं की तो दुसऱ्या बँकेत लागला. माझा अर्ज नावाच्या कारणावरून कधीच परत आला होता. एसीत बसवून त्यांनी मला थंड पाणी दिलं, तेवढं बरं वाटलं.

गणपती होऊन गेले. दाल बाजारातला माझा नेहमीचा व्यापारी चणाडाळ भरून ठेवा म्हणून मागे लागला, भाव चढणार होता. नोएडाच्या दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले. नवरा रोज संध्याकाळी "मग, काय ठरलं?" एवढंच विचारायचा. या माणसाला मी एकदाही उलटून बोलले नाही, याबद्दल मला कुणीतरी शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही.

शेवटी बाड्याच्या चौकाजवळच्या मोठ्या सरकारी बँकेत गेले. जायचं टाळलं होतं कारण तिथे काय असतं ते जगाला ठाऊक आहे. टोकन घ्या, बसा, सर्व्हर बंद आहे, जेवणाची सुटी आहे, ही खिडकी नव्हे ती खिडकी. खेटे घालून माझ्या नाकी नऊ आले. बाकावर शेजारी बसणारी माणसंही ओळखीची झाली. एकानं तर मला मेतकूट कसं खायचं ते विचारून घेतलं आणि पुढच्या खेपेला विकतही नेलं. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला एका बाईंसमोर पाठवलं. माझ्याच वयाच्या असतील. चष्मा साखळीला लावलेला, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. त्यांनी दोन्ही कार्डं समोर शेजारी शेजारी ठेवली.

"दो नाम हैं," त्या म्हणाल्या. "आपको कौन सा चाहिए?"

"जिससे हो जाए," मी म्हणाले.

"मैंने ये नहीं पूछा."

मी दोन्ही कार्डं आळीपाळीनं बघितली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मग त्यांनीच सांगितलं की आधारवरचं नाव ठेवलं तर पॅन सुधारून घेणं सोपं आहे, उलट करायचं तर शपथपत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि बरंच काही. "पर सोच के आइए. फिर बार-बार नहीं होगा." आणि पुढच्या टोकनची घंटी वाजवली.

मी बाहेर येऊन बाड्यावरच्या एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. थकले होते म्हणून आलं, असं मी स्वतःला समजावलं. पण खरी गोष्ट अशी की कुणी मला हे कधी विचारलंच नव्हतं. ताटात नाव लिहिलं तेव्हा नाही, आधार काढताना नाही, पॅनच्या वेळी तर मी जागेवरही नव्हते. आणि विचारलं तेव्हा मला सांगता येईना. माहेरच्या नावानं हाक मारणारी माझी आई गेली, भाऊ मला लहानपणापासून ताईच म्हणतो, गिऱ्हाइकं काकू म्हणतात. तरी ते जुनं नाव हवं होतं. हवं आहे हे पायरीवर बसल्यावर कळलं, आणि लगेच दुसरं कळलं की ते मला सासूबाईंसमोर बोलावं लागणार.

आता यात भिण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. सासूबाई पंचाऐंशीच्या पुढे आहेत, पाय सुजतात, कमी ऐकू येतं. पण आमच्या घरात त्यांचं नाव ही त्यांची जागा होती. पूर्वी दरबारी दफ्तरात असलेलं हे घराणं, तिथे त्या झाशीच्या भिक्षुकाच्या घरातून आल्या आणि आपल्या मानानं राहिल्या. देवघरातल्या चांदीच्या वाटीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. ते नाव दुसरीला मिळू नये म्हणून त्यांनी माझं पुसायला लावलं होतं, आणि आता मी जाऊन म्हणणार होते की ते मला परत द्या.

दोन दिवस मी ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. मग एका दुपारी भाजणीचे धणे निवडत बसलो होतो. धणे निवडायला त्यांच्या डोळ्यांना अजून कुणी हरवू शकत नाही. मी मान खाली घालूनच सगळं सांगितलं, त्या बँकेतल्या बाई काय म्हणाल्या तेही. दोन्ही बाजूंनी सांगितलं, म्हणजे त्यांना नकार देणं सोपं जावं. त्यांना नको असेल तर मी शपथपत्र करीन, जाहिरात देईन, दिवाळीची मागणी गेली तर गेली.

त्यांनी आणखी मूठभर धणे पुढे ओढले. ऐकू आलं नाही की काय म्हणून मी परत सुरुवात करणार, तेवढ्यात म्हणाल्या, "ते माझंही नव्हे गं."

"काय?"

"ते नाव. तांदळातलंच आहे. माझ्या सासऱ्यांना माझं माहेरचं नाव गावंढळ वाटलं. दफ्तरदारांच्या घरात असलं नाव शोभणार नाही म्हणाले. म्हणून हे दिलं."

इतकी वर्षं मी त्या नावावरून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले होते.

"मग माझं का बदललंत, आई?"

"सुरुवातीला या नावानं हाक मारली की मला कळायचंच नाही. बोलणी खायचे मी, ऐकू येत नाही का म्हणून. फार कष्टानं सवय केली. आणि मग तू आलीस, तर तुझं जन्मापासून तेच." त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "ते तुझ्याकडे गेलं असतं, तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता का, मला माहीत नाही. आला नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं, त्यांच्या वाटचंही.

"आणि तुमचं पहिलं?"

त्यांनी सांगितलं. छोटंसं, साधं नाव. आता कुणी मुलीला ठेवणार नाही असं. सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, शेजारच्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगत होत्या. नंतर नवऱ्याला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. झाशीच्या घरातलं कुणी उरलं नाही, तेव्हा त्या नावानं त्यांना हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं.

"तू घे तुझं," त्या म्हणाल्या. "दोन झाल्या तर झाल्या. एकीचं आता किती राहिलंय. धणे ओलसर आहेत, उन्हात टाक."

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे. पॅन सुधारलं, त्याला वेळ लागला. सायबर कॅफेत बसून धंद्याची नोंदणी केली. बाड्यावर आणखी खेटे झाले, सर्व्हर आणखी बंद पडला. त्याच सरकारी बँकेत बचत खातं काढलं आणि चालू खातंही. आपल्या बँकेचे मॅनेजर एका मुंजीत भेटले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, आणि नवऱ्याला म्हणाले, "दादा, वहिनी तर परक्यांत गेल्या." ही बँक काही चांगली आहे म्हणून मी निवडली नाही. तिचं अ‍ॅप महिन्यातून चारदा झोपतं, फोन कुणी उचलत नाही. पण तिथे एका बाईनं मला प्रश्न विचारला होता, आणि उत्तर येईपर्यंत मला परत पाठवलं होतं. बाकीच्यांकडे माझं उत्तर आधीच तयार होतं.

चालू खात्याच्या वेळी त्याच बाई होत्या. "फर्म का नाम?" त्यांनी विचारलं. मी नोंदणीचा कागद पुढे केला. सायबर कॅफेत तो रकाना आला तेव्हा मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडाला आलं ते सांगितलं होतं. बाईंनी ते वाचलं.

"ये कौन हैं?"

"घर की हैं," मी म्हणाले.

त्यांनी टाइप केलं. त्या दिवशी त्या हसल्या की नाही ते माझ्या लक्षात नाही.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यानं विचारलं नाही, त्याची कटकट संपली होती. दिवाळीच्या तोंडावर नवा क्यूआर कोड आला, मी जुना खरवडून काढला आणि नवा चिकटवला. नोएडाचा माल गेला. भाजून भाजून माझे खांदे भरून आले होते, घरभर धण्याजिऱ्याचा वास होता, आणि मला कुणाशी बोलायचीही इच्छा नव्हती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची हिंदी शेजारीण मेतकूट न्यायला आली. नातवाचं पोट बिघडलं होतं. मी पुडा बांधत होते आणि सासूबाई नेहमीच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. तिनं दाराशी उभं राहून फोन कोडसमोर धरला. पैसे पाठवण्याआधी सगळेच विचारतात तसं तिनंही स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचलं, सासूबाईंचं झाशीतलं, त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं, आणि पुढे 'गृह उद्योग'.

"यही आ रहा है, आप ही का है ना?"

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांना एरवी दारावरची घंटाही ऐकू येत नाही. मी पुडा घेऊन दाराकडे निघाले, तेवढ्यात त्या खुर्चीतून जरा पुढे झाल्या आणि तिला म्हणाल्या, "हाँ, मैं ही हूँ."